व्याह्यांसाठी जेवणाचे ठिकाण शोधताना

गेल्या फेब्रुवारीत आमचे व्याही आणि विहीणबाई मुलीच्या लग्नानंतर प्रथमच छत्रपती संभाजीनगरला आले. व्याही व्यापारी जहाजावरील नोकरीतून निवृत्त झालेले, आणि विहीणबाईही अनेक सफरींत सोबत असल्यामुळे इस्तंबूलपासून बुसानपर्यंत बंदरोबंदरीचे अन्न दोघांनी चाखलेले. एरवी त्यांना बाहेर जेवायला नेण्याचा विचारही माझ्या मनात आला नसता, कारण व्याह्यांना पहिल्याच भेटीत हॉटेल दाखवणे आमच्याकडे बरे दिसत नाही. परंतु पंधरा दिवसांपूर्वी अंगणात पाय घसरून सौभाग्यवतींच्या उजव्या मनगटाला प्लॅस्टर लागले होते आणि घरातला भाकरी थापणारा हातच गळ्यात अडकवलेला होता.

प्रथम मी एका मोठ्या हॉटेलात टेबल राखून ठेवले आणि सहज म्हणून आदल्या आठवड्यात तेथे डोकावून आलो. बारा पानांच्या मेनूत पनीर, नूडल्स आणि पास्ता होता; मराठी म्हणता येईल अशी एकच भाजी, व्हेज कोल्हापुरी, आणि ती कोल्हापूरकरांनी तरी ओळखली असती की नाही याची मला शंका आहे. ज्याने नेपल्सच्या बंदरात पास्ता खाल्ला आहे, तो आमच्याकडचा पास्ता केवळ भिडेखातर संपवील, असे मनात आले आणि मी टेबल रद्द केले.

दिवस ठरवणे त्या मानाने सोपे गेले. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी, त्यामुळे सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा हा क्रम आपोआपच आला. अजिंठा शंभरेक किलोमीटरवर असल्याने त्या दिवशी परतल्यावर पुन्हा बाहेर पडण्याचे त्राण कोणात उरत नाही. वेरूळ तीसेक किलोमीटरवर आहे, म्हणून जेवण सोमवारी रात्री ठरले. हंगाम असूनही हुरडा सोडावा लागला, कारण ती मजा दिवसाउजेडी शेतावरची. मग मुलीने फोनवर आठवण करून दिली की सासूबाईंचा सोमवारचा उपवास असतो आणि तो त्या संध्याकाळी शाकाहारी जेवणानेच सोडतात. व्याह्यांनी नान-खलियाची, म्हणजे येथल्या मटणाच्या रश्श्याची आणि नानची, चौकशी आधीच करून ठेवली होती. तो बेत मंगळवारी पार्सल आणून घरीच करायचे ठरवले.

त्यानंतरच्या चार दिवसांत मी तीन खानावळी जेवून पाहिल्या. पहिल्या ठिकाणी तर्रीचा थर इतका जाड होता की खालची भाजी कोणती हे चवीवरून सांगता येईना. दुसऱ्या ठिकाणी चव उत्तम होती, परंतु भाकऱ्यांची चवड दुपारपासून फडक्यात बांधून ठेवलेली, आणि हात धुण्याच्या जागेकडे पाहून मीच ओशाळलो. तिसरी खानावळ बीड बायपासच्या बाजूला एक कुटुंब चालवते. तेथे पाठीची खुर्ची होती, मोरी स्वच्छ होती आणि आमटी खरोखर येसराची होती. आमच्याकडे धान्ये, डाळी आणि मसाले भाजून, एकत्र दळून येसर करून ठेवतात. लग्नाच्या पंगतीतली दाट, खमंग आमटी त्याचीच. हॉटेलांतून मात्र ती क्वचितच मिळते. मी सहा जणांच्या भाकऱ्या आधी करून ठेवण्याविषयी विचारले, तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, “नाही काका, करून ठेवली की वातड होती. पाहुणे टेकले की मग टाकते.” एवढ्या एका उत्तरावर मी ठिकाण पक्के केले. तिखट बेताचे ठेवण्याची विनंती केली आणि ठेचा ताटात न वाढता वेगळ्या वाटीत ठेवायला सांगितले.

सोमवारी कैलास लेण्यापासून व्याही हलेनात, त्यामुळे आम्हाला पोहोचायला तासभर उशीर झाला. पण भाकरी टाकायचीच बाकी असल्याने काही बिघडले नाही. भरले वांगे, येसराची आमटी, मेथीचा घोळाणा आणि शेंगदाण्याची चटणी आधी आली. विहीणबाई मात्र ताट सोडून चुलीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. बाईंनी शाळूचे पीठ ऊन पाण्यात मळून परातीत थापले, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकताच भाकरी उलटली आणि मग काढून निखाऱ्यांसमोर उभी धरली. ती टम्म फुगून एका कडेने वाफ सुटली, तशी विहीणबाईंनी स्वतःच हात पुढे केला. व्याह्यांनी आमटीची दुसरी वाटी मागितली आणि हा दाटपणा कशाचा, हे मालकीणबाईंना बोलावून विचारले. शेवटी भूमच्या खव्याचे गुलाबजाम आले.

मंगळवारचा नान-खलियाही चांगला झाला. मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्या लष्कराबरोबर हा पदार्थ इकडे आला असे येथे सांगतात. हळदीने पिवळसर झालेला तो जाड नान व्याह्यांनी हातात उलटसुलट करून पाहिला, आणि मगच रश्श्यात बुडवला.

परतताना विहीणबाईंनी खानावळीतून येसराची पुडी मागवून घेतली. आमटीची कृती सौभाग्यवतींनी डाव्या हाताने लिहून दिली होती. ती वाचता न आल्यामुळे त्याच आठवड्यात मुंबईहून दोनदा फोन आला.