ब्लॅकवूडला जाताय? पेंगमला उतरू नका

नकाशात वेल्समधल्या ब्लॅकवूडला सर्वांत जवळचं स्टेशन पेंगम दिसतं. मलाही तेच सांगण्यात आलं होतं: कार्डिफहून रेल्वेने चाळीसेक मिनिटं, मग अर्धा तास चाललं की झालं. मधल्या चढणीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

पेंगम ऱ्हिम्नी नदीच्या खोऱ्यात आहे आणि ब्लॅकवूड शेजारच्या सरहाउईच्या. दोन खोऱ्यांमध्ये डोंगराची धार, ती ओलांडावीच लागते. अंतर तीनेक किलोमीटरच आहे. सिंहगड चढणाऱ्यांना त्याचं काही वाटणार नाही, पण वेल्सचा पाऊस आपल्यासारखा सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. छत्री पहिल्या वळणावरच उलटी झाली. शेजारून जाणारी प्रत्येक गाडी डबक्यातलं पाणी उडवत होती. माथ्यावर पोचेपर्यंत बुटांत पाणी, पाठीवरच्या पिशवीत पाणी आणि आडोसा कुठेच नाही. पन्नास मिनिटं लागली. येताना टॅक्सी केली, तर त्याने तेवढ्याशा अंतराचे वीस पौंड घेतले. भिजलेला माणूस घासाघीस करत नाही, हे त्याला माहीत होतं.

सरळ कार्डिफहून ब्लॅकवूडची बस धरा, ती गावातच सोडते. ब्लॅकवूडच्या स्वतःच्या स्टेशनातली प्रवासी वाहतूक १९६० सालीच बंद झाली आहे.

एवढं करून जायचं कशाला? मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स या गावचे, म्हणून. पुण्यात १९९८ साली 'धिस इज माय ट्रुथ टेल मी युअर्स'ची कॅसेट हाती आली, तेव्हापासून हा बँड माझा आहे. ते नाव अन्युरिन बेव्हनच्या तोंडचं; बेव्हन याच खोऱ्यात वर असलेल्या ट्रेडेगरचा, ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा उभी करणारा मंत्री. गाण्यांमधलं हे राजकारण कुठून आलं, ते गावातलं मायनर्स इन्स्टिट्यूट पाहिल्यावर कळतं. खाणकामगारांनी आपल्या मजुरीतून पैसे घालून ते उभारलं, १९२५ साली. आता तिथे नाटकं आणि गाण्याचे कार्यक्रम होतात. कार्यक्रम कधी आहे ते आधी पाहून जा, मला दार बंद मिळालं. तरीही पायऱ्यांवर पाऊण तास बसलो आणि 'अ डिझाइन फॉर लाइफ' तीनदा ऐकलं. कामगारांच्या ग्रंथालयांपासून सुरू होणारं ते गाणं तिथे बसून ऐकताना माझा गळा दाटून आला. त्यासाठी पुन्हा भिजायची तयारी आहे.

बँडचं संग्रहालय वगैरे शोधत येणार असाल, तर येऊ नका. गाव साधं आहे, लोक आपापल्या कामात असतात.

कार्डिफमधले दोन दिवस छान गेले. तिथलं मध्यवर्ती ग्रंथालय चुकवू नका, २००९ साली त्याचं उद्घाटन याच बँडच्या हातून झालं.

एक कळकळीने सांगतो. बँडचा गिटारवादक आणि गीतकार रिची एडवर्ड्स १ फेब्रुवारी १९९५ला बेपत्ता झाला आणि त्याची गाडी सेव्हर्न पुलाजवळ सापडली. २००८ साली कायद्याने त्याला मृत मानलं गेलं. काही चाहते त्या जागी फोटो काढायला जातात. मी गेलो नाही, तुम्हीही जाऊ नका. त्याची माणसं अजून आहेत. तो वेळ ब्लॅकवूडला द्या, बुटांना मेण लावून घ्या आणि मोज्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा.