काच खाली जाते, वर येत नाही

गाडी आली ती ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटच्या खिडकीला प्लास्टिकचा कागद चिकटवूनच. ताई वैतागलेल्या होत्या, आणि का नसाव्यात? दुसऱ्या एका ठिकाणी आधी त्या खिडकीचा स्विच बदलून झाला, मग ड्रायव्हरच्या दारावरचा, सगळ्या खिडक्या चालवणारा मास्टर स्विच, आणि शेवटी मोटरही नवी पडली. तरी काच एकदा खाली गेली की वर यायचं नाव घेत नव्हती.

“आता तुम्ही काय बदलणार, तेवढं सांगा,” त्या म्हणाल्या.

“आधी बटणं दाबू द्या,” मी म्हटलं.

पॉवर विंडोचं काम आलं की बरेच जण थेट दाराच्या पॅनलला हात घालतात. मला ती घाई पटत नाही. पॅनल काढताना एखादी क्लिप हमखास तुटते आणि नंतर ते दार खडखडत राहतं. किल्ली फिरवून, सीटवर बसल्या बसल्या जेवढं कळेल तेवढं आधी पदरात पाडून घ्यावं.

शेजारच्या खिडकीला दोन ठिकाणी बटण असतं, एक तिच्या दारावर आणि एक मास्टरवर. मास्टरवरून वर दाबलं, काही नाही. मास्टरवरून खाली दाबलं, तेही नाही. तिच्या स्वतःच्या बटणानं वर, शांतता. त्याच बटणानं खाली मात्र अर्ध्यावरची काच झर्रकन तळाला गेली. “हेच! हेच होतं!” ताई मागून ओरडल्या. मागच्या खिडक्या आणि ड्रायव्हरची काच मास्टरवरून व्यवस्थित चालत होत्या, त्यामुळे मास्टरचा सप्लाय आणि त्याची अर्थ, म्हणजे करंट परत नेणारी बॉडीची जोडणी, यांवर संशय घ्यायचं कारण नव्हतं. खिडक्या लॉक करायचं बटणही बघून घेतलं. हसू नका, नुसतं ते बटण दाबलं गेल्यामुळे ‘मोटर जळली’ म्हणून येणाऱ्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

मग आतला दिवा लावला आणि वर नेण्याचं बटण दाबून धरलं. काच अडकली असेल, रबराची बीडिंग कडक झाली असेल किंवा मोटर जाम असेल, तर ती अडल्या अडल्याही करंट ओढते आणि दिवा किंचित मंद होतो. इथे दिवा ढिम्म. म्हणजे करंटचा फेराच पूर्ण होत नव्हता.

माझ्याकडे शिकायला असलेला पोरगा म्हणाला, “पण काका, खाली जाते म्हणजे वायरी ठीक असणार ना?”

गोम तिथेच होती, आणि आधीच्या माणसाचाही घोळ बहुधा तिथेच झाला. काच खाली जाते म्हणजे वायरिंग बरोबर, वर जाताना जोर लागतो म्हणजे मोटर अशक्त, असं वाटणं साहजिक आहे. मी पुठ्ठ्यावर आकृती काढली. ही मोटर डीसी, तिला दोनच वायरी, स्वतःची अर्थ नाही. एका वायरीला प्लस आणि दुसरीला अर्थ मिळाली की काच वर, उलट झालं की खाली. कोणतंही बटण दाबलेलं नसेल तेव्हा दोन्ही वायरी अर्थला बसलेल्या असतात. पण साध्या स्विचच्या बऱ्याच गाड्यांत, आणि या गाडीतही, ती अर्थ त्या दारात नसतेच. दोन्ही वायरी तिथल्या स्विचमधून पुढे निघतात, डॅशबोर्डखालून ड्रायव्हरच्या दारात शिरतात आणि मास्टर स्विचच्या पोटात अर्थला मिळतात. शेजारच्या दारावरचं बटण दाबलं की एका वायरीला जागेवरच प्लस मिळतो, पण परतीचा करंट दुसऱ्या वायरीनं पार ड्रायव्हरच्या दारापर्यंत जातो.

“आता समज, यातली खाली नेणारी वायर दोन स्विचच्या मधे तुटली,” मी पोराला म्हटलं. शेजारच्या बटणानं वर दाबलं तर प्लस मिळतो, पण परतीची वाट तीच तुटकी वायर, म्हणून नाही. मास्टरवरून वर, पुन्हा परतीची वाट तीच. मास्टरवरून खाली, प्लस त्याच वायरीतून जायचा, म्हणून तेही नाही. राहिलं शेजारच्या बटणानं खाली. तिथे प्लस जागेवर मिळतो आणि परत येतो दुसऱ्या, चांगल्या वायरीनं. चालणार! चारपैकी नेमकं एकच चालतंय, म्हणजे नेमकी एकच वायर गेली आहे. दारात कंट्रोल युनिट, म्हणजे छोटा कॉम्प्युटर, असलेल्या गाड्यांना हा हिशेब लागू पडत नाही, तिथे त्यातले बिघाड वाचणारा स्कॅनर लावून बसावं लागतं.

तेवढ्यात ताई सहज म्हणाल्या, “कधी कधी मी उतरून, दारात उभी राहून मास्टरचं बटण दाबते, तेव्हा येते वर. तिथे सांगितलं तर सगळे हसले.”

मला त्या वाक्यानं निम्मं काम करून दिलं. ड्रायव्हरचं दार उघडलं, बटण दाबलं, आणि काच कण्हत कण्हत वर सरकू लागली. दार लोटलं, थांबली.

खात्री करायला शेजारच्या दाराचं पॅनल तेवढं काढलं. ड्रायव्हरचं दार बंद ठेवून मोटरच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगमध्ये, मागून मीटरची टोकं घातली. पोरानं तिथल्या बटणानं वर दाबून धरलं. एका वायरीवर बॉडीच्या तुलनेत १२ व्होल्ट. दुसरीवरही १२ व्होल्ट! “दोन्हीकडे सप्लाय येतोय, मग मोटरच गेली,” तो म्हणाला. नव्या मोटरची पावती बहुधा याच मोजणीवरून फाटली असणार. वास्तविक दुसऱ्या वायरीवर दिसणारे ते १२ व्होल्ट मोटरमधूनच पलीकडे आलेले असतात. परतीची वाट बंद, करंट वाहत नाही, म्हणून मोटरमध्ये व्होल्टेज पडत नाही आणि दोन्ही टोकं सारखीच दिसतात. वाट चांगली असती तर त्या वायरीवर जवळपास शून्य दिसायला हवं होतं. मीटरची दोन्ही टोकं मोटरच्या दोन वायरींनाच लावली, तर आकडा शून्य. मोटरला काही मिळतच नव्हतं.

मग ड्रायव्हरच्या दाराकडे वळलो. बॉडी आणि दार यांच्यामध्ये बिजागरीजवळ रबराचा बूट असतो, सगळ्या वायरी त्यातून जातात. दार उघडलं की त्या ताणल्या जातात, मिटलं की दुमडतात, आणि गाडीतलं सगळ्यात जास्त उघडझाप होणारं दार हेच. बूट एका बाजूनं सोडवून मागे सरकवला. वरून एकही वायर तुटलेली दिसत नव्हती. अशा वेळी मी एकेक वायर चिमटीत धरून हलकेच ओढतो. आत तांबं असेल तर वायर ताठ राहते. एक वायर मात्र चुइंगमसारखी लांबली. आवरण शाबूत, आत तांबं तुटलेलं. दार उघडल्यावर त्या जागेचं वळण बदलायचं, उरलेले एकदोन तंतू एकमेकांना टेकायचे, आणि मोटरला जेमतेम करंट मिळायचा. काचेचं कण्हणं ते. अशा वायरीवर मीटर ‘टूं’ वाजवून वायर अखंड असल्याचं सांगून मोकळा होतो, कारण त्याला नाममात्र करंट पुरतो. मोटरला कित्येक अँपिअर लागतात. म्हणून दार उघडं ठेवून मी त्या वायरीतून हेडलाइटचा जुना बल्ब पेटवून दाखवला, तो नुसता तांबूस झाला.

बॅटरीची मायनस काढली. तुटल्या जागीच पीळ देऊन टेप गुंडाळणं मला मान्य नाही. जोड दुमडणाऱ्या जागी आला की शेजारीच पुन्हा तुटतो, त्यात सोल्डरनं झाळलेला असेल तर आणखी लवकर. तेवढ्याच जाडीच्या मऊ वायरीचा तुकडा घेतला आणि एक जोड दाराच्या आत, दुसरा बॉडीच्या आत, असे दोन्ही बुटाच्या बाहेर नेले. जोड क्रिंप करून, म्हणजे धातूच्या नळीत दाबून बसवून, वर उष्णतेनं आवळणारी स्लीव्ह. सेंट्रल लॉकच्या एका वायरीचं आवरण तडकायला लागलं होतं, तीही त्याच बैठकीत बदलली. बूट पुन्हा खाचेत बसवायला साबणाचं पाणी पुरलं.

बॅटरी जोडली, चारही प्रकारे काच वर-खाली केली. ड्रायव्हरच्या काचेचं एका दाबात वर जाणं मात्र बंद पडलं होतं. “आता हीसुद्धा गेली?” ताईंचा चेहरा उतरला. बॅटरी काढली की काही गाड्या ते विसरतात. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरून ठेवलं, आली परत.

डिकीत पिशवीत आधीच्या ठिकाणी काढलेली मोटर आणि दोन्ही स्विच होते. मोटर थेट बॅटरीला लावली, दोन्हीकडे झकास फिरली. स्विचही मीटरवर ठीक निघाले. ताईंनी ते सगळं, आणि माझ्या आकृतीचा पुठ्ठासुद्धा, त्याच पिशवीत भरलं आणि थेट त्या पहिल्या ठिकाणी निघाल्या. तिथे काय बोलणं झालं ते मला कळलेलं नाही.