कन्व्हर्टरचं काय करायचं

शनिवार, रात्री

आज परत एक मेल आला. कुणीतरी जुन्या दिवाळी अंकांच्या पेजमेकर (पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) फायलींमधला मजकूर काढतायत, त्यासाठी माझी लायब्ररी, म्हणजे जुन्या फॉन्टातलं मराठी युनिकोडमध्ये (आजच्या, सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांत) बदलणारा कोड, चालवली तर प्रिंटच्या पहिल्याच ओळीला एरर. येणारच ना, ती पायथन २ मधली, म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीतली आहे आणि पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटचं २.७.१८ आलं आणि खेळ खलास. तेव्हापासून मी नुसतं बघू बघू करतोय. आता एकदाचं ठरवायचंय, दुरुस्त करायची की निवृत्त.

काम तसं साधं वाटतं. जुन्या फॉन्टात मराठी फक्त दिसायला मराठी, आत फायलीत इंग्रजी अक्षरं नि चिन्हं, फॉन्ट काढला की सगळा कचरा. लायब्ररी ती चिन्हं टेबलात बघून युनिकोड अक्षरं टाकते. पण खरी गंमत क्रमाची आहे. पहिली वेलांटी जुन्या फायलीत अक्षराच्या आधी येते आणि युनिकोडमध्ये नंतर पाहिजे, रफाराचं बरोब्बर उलटं, 'मूर्ती'तला रफार सगळ्यात शेवटी टाइप केलेला असतो, त्याला उचलून वेलांटीवरून, त वरून मागे न्यायचा. आणि मग आपला 'ऱ्य'. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, हिंदी समोर ठेवून लिहिलेल्या कन्व्हर्टरकडून इथे हमखास गोंधळ होतो कारण हिंदीला तो र लागतच नाही. सह्याद्रीवरच्या लेखात सगळीकडे समुद्र! ही लायब्ररी मुळात लिहिली ती याच चिडीतून.

तर दुरुस्ती. पायथन २ मध्ये स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा) म्हणजे नुसते बाइट्स, पायथन ३ मध्ये दोन्ही वेगळे, आणि अर्धा कोड त्याच भरवशावर उभा आहे. पायथन २ चा कोड ३ मध्ये बदलणारं टू-टू-थ्री नावाचं टूल होतं तेही ३.१३ पासून पायथनमधून काढलंय, आणि असतं तरी त्याने प्रिंटला कंस घातले असते, कुठे बाइट्स आणि कुठे मजकूर हे त्याला कोण सांगणार? वर्डमधून कॉपी केलेल्या मजकुरात जुन्या फॉन्टातलं एखादं चिन्ह वाकडं अवतरणचिन्ह होऊन येतं, कच्च्या फायलीत नुसता बाइट, आणि विंडोज-१२५२ या विंडोजच्या जुन्या अक्षर-तक्त्यामध्ये पाच जागा रिकाम्याच आहेत तिथे पायथन ३ सरळ एरर देतं. शिवाय 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला, ५.१ मध्ये आलं, माझी लायब्ररी अजून अ वर चंद्र ठेवून काढते. दिसायला सारखंच, पण सर्चमध्ये दोन्ही वेगळे, नॉर्मलाइज करूनही (युनिकोडच्या नियमाने एकसारखं करूनही) जुळत नाहीत.

सरळ डिलीट मारावं असंही मनात आलं. पण २०१६ चं लेफ्ट-पॅड आठवतं, ११ ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजं जिथून घेतात तिथून) काढलं आणि जगभरात त्यावर अवलंबून असलेल्या लोकांचे प्रोग्रॅम तयार होईनात. माझी वापरणारे मूठभर, तरी नाही, काढून टाकायचं नाही. त्यापेक्षा मोमेंट-जेएस या जावास्क्रिप्टच्या तारीख-वेळेच्या लायब्ररीवाल्यांनी २०२० मध्ये केलं ते पटतं: नवीन काही होणार नाही, नव्या कामाला दुसरं काही घ्या, असं स्पष्ट लिहून टाकलं. ताटकळत ठेवण्यापेक्षा हे बरं.

फक्त एक अडचण आहे, माझ्या लायब्ररीचं गिऱ्हाईक संपत नाहीये. डीटीपीवाले काहीजण आजही त्याच फॉन्टात टाइप करतात, म्हणजे 'जुना' मजकूर रोज नवा तयार होतोय :) कोड काय, ज्याला येतं तो आठवड्यात परत लिहील. टेबल नाही लिहिता येणार, ते एकेक अक्षर डोळ्याने बघून भरलंय.

म्हणून ठरलं. कोड निवृत्त. पायथन ३ साठी एकच शेवटचं रिलीज, त्यात ॲ दुरुस्त, नवीन फीचर शून्य, मग गिटहबवर (कोड ठेवायची साइट) आर्काइव्ह, म्हणजे वाचायला खुलं, बदल बंद. टेबल मात्र कोडमधून बाहेर, साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी कॉलम पाडलेली टेक्स्ट फाइल), सोबत दर्या-दऱ्यासारख्या टेस्ट, म्हणजे कुणी जावास्क्रिप्टमध्ये लिहो नाहीतर कशातही.

आता अडलंय ते सीएसव्हीतल्या कॉलमच्या नावावर. एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन आवृत्त्यांत काही जोडाक्षरांच्या जागा वेगळ्या आहेत, त्यामुळे नुसतं फॉन्टचं नाव देऊन चालणार नाही, फॉन्टच्या फायलीवरून आवृत्ती ओळखायला लागेल. ते आधी लावतो, मग पायथनकडे.