बॉनेटला वेंट असलेली गाडी धुताना पाणी नक्की जातं कुठे?

गाडी घेतल्यानंतरचा तिसरा वॉश असेल. सकाळी उठून दीड तास घालून मन लावून धुतली, पुसली, लांब उभं राहून दोनदा बघून घेतली, आणि मग स्टार्ट केली तर इंजिन थरथरायला लागलं. आयडलला नुसती थडथड, ॲक्सिलरेटर दिला की अडखळतंय, आणि अर्ध्या मिनिटात चेक इंजिनचा लाईट उघडझाप करायला लागला. हा लाईट नुसता लागून राहणं वेगळं आणि उघडझाप करणं वेगळं. उघडझाप म्हणजे मिसफायर (सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) इतका जोरात आहे की न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन तिथला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कायमचा खराब होऊ शकतो, त्यामुळे लगेच बंद केली. स्कॅनर लावला, कोड पी०३०३, म्हणजे तीन नंबरचा सिलेंडर. त्याची कॉइल, म्हणजे स्पार्क प्लगला वीज देणारा वर बसवलेला भाग, ओढून बाहेर काढली, टॉर्च मारला, आणि स्पार्क प्लग बसतो त्या खोल खड्ड्यात चक्क पाणी साचलेलं दिसलं.

पाणी आलं कुठून हे शोधायला फार वेळ लागला नाही. बॉनेट खाली केलं आणि वरच्या वेंटमधून, म्हणजे हवेसाठी ठेवलेल्या जाळीच्या उघड्या जागेतून, आत बघितलं तर तीन नंबरची कॉइल सरळ समोर दिसत होती. मी प्रेशर वॉशर त्याच जाळीवर धरला होता, कारण तिथे वाळलेले किडे चिकटले होते.

कॉम्प्रेस्ड हवेने खड्डा कोरडा केला, कॉइलचं रबर पुसलं, आत थोडं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावलं आणि गाडी परत लोण्यासारखी चालायला लागली. नुकसान काही झालं नाही, पण त्या दिवसापासून हा विषय मी खूप मनावर घेतला, कारण अशा गाड्यांच्या धुण्याबद्दल लोक एकतर म्हणतात "काही होत नाही, पावसात नाही का चालत" किंवा मग इतके घाबरतात की बॉनेट फक्त ओल्या फडक्याने पुसतात आणि वर्षभरात त्यावर ओरखड्यांचं जाळं करून ठेवतात. दोन्ही चूक आहे असं माझं ठाम मत झालंय.

पावसाचं आधी बोलू. पावसाचा मोठ्यात मोठा थेंब साधारण ताशी ३० ते ३५ किलोमीटर वेगाने खाली येतो, आणि येतो तो वरून. गाडी बनवणाऱ्यांनी हे धरलेलंच असतं, कनेक्टरना रबरी सील असतात, वेंटखाली बऱ्याच गाड्यांना पाणी बाजूला वळवणारा ट्रे असतो. आता घरगुती प्रेशर वॉशर घ्या, समजा १०० बार दाबाचा. साधं गणित केलं तर नोझलच्या तोंडाशी पाण्याचा वेग सेकंदाला १४० मीटरच्या आसपास निघतो, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर! हवेत तो झपाट्याने कमी होतो हे खरं, पण सीलच्या फटीत तिरकं घुसायला जेवढा लागतो तेवढा नक्कीच उरतो. पाऊस आणि जेट एकच समजणं ही या सगळ्यातली मुळातली चूक.

दुसरी गोष्ट, जी मला कुणीच आधी सांगितली नव्हती आणि जी आज मी प्रत्येकाला सांगतो: वेंटचं तोंड कुठल्या बाजूला उघडतं ते बघा.

बॉनेटवरची उघडी जागा ढोबळमानाने दोन प्रकारची असते. एक हवा बाहेर काढणारी. गाडी वेगात असताना बॉनेटच्या पुढच्या-मधल्या भागावर हवेचा दाब कमी असतो, तिथे वेंट दिला की रेडिएटरमधून आलेली गरम हवा वर ओढली जाते, इंजिन थंड राहतं आणि पुढचं टोक उचललं जाण्याची ओढही कमी होते. या वेंटच्या पट्ट्या मागे, म्हणजे काचेच्या दिशेने उघडतात. २०१४ सालच्या कॉर्व्हेट सी७ च्या बॉनेटवर असाच वेंट आहे, आणि २०२० च्या मस्टँग शेल्बी जीटी५०० वर तर ३१ बाय २८ इंचाचा प्रचंड मोठा लूव्हर, म्हणजे पट्ट्यांचा वेंट, आहे, ज्याच्या खाली ॲल्युमिनियमचा रेन ट्रे येतो आणि ट्रॅकवर जाताना तो काढून ठेवता येतो. (हा ट्रे काढलेला असताना गाडी धुवायला घेऊ नका, परत बसवा आणि मगच पाणी उघडा.) दुसरा प्रकार हवा आत घेणारा, म्हणजे स्कूप, त्याचं तोंड पुढे असतं. सुबारू डब्ल्यूआरएक्सचा स्कूप सगळ्यांना माहीत असतो, त्याच्या बरोबर खाली इंटरकूलर, म्हणजे टर्बोकडून इंजिनला जाणारी हवा थंड करणारी जाळी, आडवा ठेवलेला असतो. तिथे पाणी गेलं म्हणून लोक घाबरतात, पण इंजिनची हवा इंटरकूलरच्या आतून बंद मार्गाने जाते, बाहेरून भिजला तर काही बिघडत नाही. बिघडतं ते जेट जवळून मारल्यावर, कारण त्याची ॲल्युमिनियमची पापुद्र्यासारखी पातळ पानं दुमडतात आणि परत सरळ करायला जीव जातो.

तर नियम सोपा आहे, पाणी नेहमी वेंटच्या पाठीकडून मारायचं. पट्ट्या काचेकडे उघडत असतील तर बंपरपाशी उभं राहून, पाईप खाली झुकवून, पाणी बॉनेटवरून घसरत काचेकडे जाईल असं सोडायचं, पट्ट्यांवरून ते छपरावरच्या कौलांसारखं निघून जातं. मी त्या दिवशी दाराशी उभा राहून, काचेच्या बाजूने, सरळ उघड्या तोंडात मारत होतो. स्कूप असेल तर बरोबर उलट, काचेच्या बाजूला उभं राहा आणि पुढे ढकला. आणि बॉनेटपुरतं तरी प्रेशर वॉशर बाजूला ठेवून साधा होज किंवा हातपंपाचा स्प्रे घ्या असं मी म्हणेन. मी आता तेच करतो. बाकीच्या गाडीला वॉशर चालतो, ४० डिग्री कोनात पाणी पसरवणारं रुंद नोझल लावून, हातभर तरी लांबून.

धुवायच्या आधी एकदा एक प्रयोग नक्की करा. गाडी पूर्ण थंड असताना वेंटवर ग्लासभर पाणी हळू ओता आणि बॉनेट उघडून टॉर्चने बघा ओलं कुठे कुठे झालंय. माझ्या गाडीत डाव्या वेंटचं पाणी ट्रेमधून नीट बाजूला जाऊन चाकाच्या मागे खाली पडत होतं, उजव्याचं मात्र ट्रेमध्येच साचून कडेवरून इंजिनवर सांडत होतं, कारण ट्रेचं निचऱ्याचं भोक सुकलेल्या पानांच्या चुऱ्याने बुजलं होतं. म्हणजे त्या दिवशी थोडं जेटने आणि थोडं या बुजलेल्या भोकाने काम केलं असणार. आता दर दोन-तीन वॉशला मी ते भोक प्लॅस्टिकच्या झिप टायने मोकळं करतो, दोन मिनिटांचं काम आहे.

झाकायचं काय? फ्यूज बॉक्सचं झाकण नीट बसलंय का ते बघणं, अल्टरनेटर वेंटच्या खाली येत असेल तर त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, आणि कुणी बाहेरून घेतलेला, शंकूसारखा उघडा एअर फिल्टर लावला असेल तर त्यावर तर हमखास पिशवी आणि रबरबँड. भिजलेल्या फिल्टरमधून इंजिनला श्वास घेता येत नाही. काहीजण वेंटवर वरूनच रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी लावतात, चालतं, फक्त गाडी ऊन खात असताना लावू नका, गोंद राहतो. आणि जे काही झाकलं असेल ते स्टार्ट करायच्या आधी काढायचं, यासाठी मी चावी त्याच पिशव्यांच्या डब्यात ठेवतो.

इंजिन गरम असताना तर हात लावूच नका. टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काहीशे डिग्रीपर्यंत तापतात, त्यावर वेंटमधून गार पाणी पडलं की धातू एका जागी पटकन आकसतो, चीर जाऊ शकते. शिवाय तापलेल्या बॉनेटवर शॅम्पू वाळतो आणि पाण्यातल्या क्षारांचे गोल डाग राहतात ते वेगळंच. मी सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी सावलीत धुतो.

बाकी धुणं नेहमीसारखंच. आधी चाकं, मग फोम, पाच मिनिटं थांबून धुवून टाका, मग दोन बादल्या, एकात शॅम्पू, एकात मिट (धुवायचा मऊ हातमोजा) खंगाळायला साधं पाणी, वरून खाली. क्लिअर कोटची, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराची, जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसापेक्षाही कमी, त्यामुळे मिटमध्ये एक वाळूचा कण अडकला तरी रेघ येते, एवढं लक्षात ठेवलं की सगळी काळजी आपोआप घेतली जाते.

वेंटच्या पट्ट्यांवर मात्र मिट फिरवू नका. पट्ट्यांच्या धारेवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो, आणि मिटचे धागे तिथे अडकून ओढले जातात. मऊ केसांचा डिटेलिंग ब्रश घ्या, शॅम्पूत बुडवा, जवळजवळ निथळून घ्या, आणि एकेक पट्टी लांबीच्या दिशेने. किडे वाळले असतील तर ओलं मायक्रोफायबर त्यावर पाच-सात मिनिटं ठेवा, ते मऊ होऊन निघतात, जेटची गरजच पडत नाही. हे मला आधी कळलं असतं तर ती सकाळ वाचली असती. जाळी काळ्या खरखरीत प्लॅस्टिकची असेल तर वॅक्स तिच्यापासून लांब ठेवा, आत पांढरं वाळतं आणि महिनोन्महिने दिसत राहतं.

आता पुसणं, जिथे बहुतेकांचं लक्ष संपलेलं असतं. ब्लोअर वापरत असाल तर त्यालाही तोच पाठीकडूनचा नियम, सरळ वरून वेंटमध्ये हवा मारली तर पट्ट्यांवर बसलेलं सगळं पाणी आपणच आत ढकलतो. आणि बॉनेट उघडायच्या आधी पट्ट्या कोरड्या करा, बोटाला मायक्रोफायबर गुंडाळून खालची बाजूसुद्धा. बॉनेट उचललं की उतार बदलतो आणि इतका वेळ गपचूप बसलेलं पाणी धार लावून नको तिथे पडतं, मी दोनदा बघितलंय हे.

मग उघडून आतली बाजू बघायची. ट्रे टिपायचा, बॉनेटच्या आतलं इन्सुलेशन हाताने दाबायचं, ते स्पंजसारखं पाणी धरतं. कॉइलच्या आसपास थेंब दिसले तर लगेच टिपून घ्यायचे. त्यानंतर स्टार्ट करून दहा मिनिटं आयडल, बॉनेट तसंच उघडं, बेल्ट आणि पंख्यापासून हात आणि फडकं दोन्ही लांब. बेल्ट ओला झाला असेल तर सुरुवातीला चिरकतो, वाळला की थांबतो. शेवटी एक छोटी चक्कर, ब्रेक हलके दाबत, म्हणजे डिस्क वाळतात आणि त्यांच्यावर गंजाचा नारिंगी थर बसत नाही.

चक्कर मारून आलो की मी वेंटवर हाताचा पंजा धरतो. गरम आणि कोरडी हवा येत असेल तर बॉनेट बंद. दमट वाफ येत असेल तर अजून थोडा वेळ इंजिन चालू ठेवतो.