तुम्ही विचारलंत म्हणून: त्या जुन्या चाकूचे किती येतील?

‘जुन्या बाजारात हा घडीचा चाकू मिळाला. किती किमतीचा असेल?’ महिन्यातून दोन-तीनदा तरी मला कुणी ना कुणी हे विचारतं. सोबत फोटो असतो: उघडलेलं पातं, पुसून लख्ख केलेली मूठ, मापाला शेजारी ठेवलेलं दहाचं नाणं. पण मला बघायची असते ती पात्याच्या बुडाशी, मुठीला लागून असलेली अर्धा इंच जागा. बनवणाऱ्याचं नाव तिथे ठोकलेलं असतं. ते वाचता आलं तर पुढे बोलता येतं.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार फिरताना माझ्या हाती सर्वांत जास्त आलेलं नाव इंग्लंडमधल्या शेफिल्ड गावच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्सचं. इंग्रजी अमलात हा माल आपल्याकडे खूप आला. बोरू नि शिसपेन्सिली तासायला कचेरीत, घरात चाकू लागायचाच. म्हणून आजही एखाद्या पणजोबांच्या पेटीत, अडकित्त्याशेजारी, असा चाकू सापडतो.

रॉजर्सची खूण म्हणजे एक चांदणी आणि तिच्याजवळ माल्टीज क्रॉस, चार बाणांची टोकं मध्यात जुळवावीत तसा. ही खूण त्यांना 1764 साली मिळाली. नावाचं इंग्रजी स्पेलिंग (Rodgers) अक्षर अक्षर लावून वाचा. त्यात डी हवाच. डी नसेल तर तो दुसऱ्याच कुणाचा माल. तोही चांगला असू शकतो, पण रॉजर्स म्हणून त्याचे पैसे मोजू नका.

कधी नावाच्या वर मुकुट आणि दोन बाजूंना दोन अक्षरं असतात. व्ही आणि आर म्हणजे राणी व्हिक्टोरिया, म्हणजे 1901 च्या आधीचा काळ. ई आणि आर म्हणजे बहुधा सातवा एडवर्ड, 1901 ते 1910. जी आणि आर दिसलं की मी सावध होतो, कारण पाचवा जॉर्ज आणि सहावा जॉर्ज मिळून हा काळ 1952 पर्यंत जातो. शेफिल्डच्या पुढे ‘इंग्लंड’ असेल तर चाकू बहुधा 1890 नंतरचा. त्या वर्षी अमेरिकेने कायदा केला, की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवं. आणि पात्यावर ‘स्टेनलेस’ लिहिलेलं असताना कुणी ‘राणीच्या काळातला आहे’ म्हणालं, तर नमस्कार करून पुढे जा. हॅरी ब्रेअर्लीने शेफिल्डमध्ये ते पोलाद काढलं 1913 साली. राणीला जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

नाव पटलं की चाकू कानाजवळ धरून उघडा आणि मिटा. मागची स्प्रिंग जिवंत असेल तर दोन्ही वेळा खणखणीत ‘टक्’ येतो. मग पातं चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवून बघा. हललं तर रिव्हेट, म्हणजे पातं मुठीत धरून ठेवणारी खीळ, सैल झालीय. शेवटी पात्याची रुंदी बघा. वर्षानुवर्षं धार लावून पातं झिजलं की बुडाशी मूळची रुंदी तशीच राहते आणि पुढे एकदम पायरी उतरल्यासारखं दिसतं. अशा चाकूने त्याचं काम इमानाने केलेलं असतं, मला तो आवडतोही, पण संग्राहक त्याचे निम्मेसुद्धा देत नाही.

मुठीवर भिंग धरा. हाडाच्या मुठीत बारीक काळसर ठिपके आणि रेघोट्या दिसतात. हस्तिदंतात ठिपके नसतात, आणि आडव्या कापलेल्या टोकाशी एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. सांबरशिंग खडबडीत असतं, आणि शेफिल्डवाले ते हिंदुस्थानातूनच मागवत. मूठ हस्तिदंती निघाली तर किंमत विचारूच नका. वन्यजीव संरक्षण कायद्यात 1986 आणि 1991 साली दुरुस्त्या झाल्या, तेव्हापासून आपल्याकडे हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे, मग हत्ती इथला असो की आफ्रिकेतला. हे ऐकून लोक हिरमुसतात, पण मला हा कायदा मनापासून पटतो.

आता विनवणी. चाकू मिळाला की घासू नका. पॉलिश पेपर नको, चिंच-लिंबू नको. माझा पहिला रॉजर्स मी दोनशे रुपयांना घेतला आणि हौसेने धारवाल्याकडे दिला. त्याने चाक फिरवलं आणि पाच मिनिटांत आरशासारखं पातं हातात ठेवलं. चांदणी गेली होती. क्रॉसचा एक पाय आणि ‘शेफिल्ड’मधली शेवटची तीन अक्षरं तेवढी उरली. तो माणूस वाईट नव्हता, सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नव्हतं. ते काळं पडलेलं पोलाद म्हणजे त्या चाकूचं वय होतं, आणि ते परत आणता येत नाही. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सांध्यात सोडा, खाचेतला मळ दात कोरायच्या काडीने काढा आणि मऊ फडक्याने पुसा. बस.

राहिला आकडा. इंटरनेटवर विक्रेत्याने लावलेली किंमत धरू नका. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या काढून बघता येतात, तीच खरी किंमत. दोन पात्यांचा, वापरलेला, साधा रॉजर्स इंग्लंडमध्ये दोन आकडी पौंडांत जातो, त्याला लाखाचं स्वप्न बघायचं कारण नाही. मूळ पातं पूर्ण रुंदीचं, खूण स्वच्छ, मुठीला तडा नाही, असं असेल तर आकडा बराच चढतो.

तेव्हा पुढचा फोटो पाठवाल तो खिडकीपाशी, तिरप्या उजेडात काढा. फ्लॅश नको. बुडाच्या दोन्ही बाजू हव्यात, कारण दुसऱ्या बाजूलाही काही ठोकलेलं असू शकतं.