चालू प्रयोगात कडवं गळालं तेव्हा

नाटकातल्या गाण्याचं पहिलं कडवं संपलं आणि नायिकेने थेट तिसरं उचललं. मधलं अख्खं कडवं गेलं. त्या कडव्यात प्रकाशाचे तीन क्यू, म्हणजे ठरलेल्या बदलांचे इशारे, होते, शिवाय मागच्या अंधारातून एक जिना आत यायचा होता. मी रंगमंच व्यवस्थापक; तो ढकलणारे चौघे माझा दिवा हिरवा होण्याची वाट बघत विंगेत उभे होते.

गाणं सावरणं हे कंडक्टरचं, म्हणजे वादकांना हाताने इशारे देणाऱ्याचं काम. त्यात रंगमंच व्यवस्थापकाने तोंड घालू नये, असं माझं ठाम मत आहे. कंडक्टरने हातानेच वादकांना पुढची जागा दाखवली आणि दोन-तीन आवर्तनांत सगळे तिला येऊन मिळाले. मला बघायचं होतं ते बाकीचं. हेडसेटवर आधी म्हटलं, ‘सगळे थांबा.’ मग, ‘प्रकाश, ४७, ४८, ४९ सोडा. ५० ला तयार.’ ऑपरेटरने नुसतं बटण दाबलं असतं तर ४७ च आला असता. म्हणून अशा वेळी ‘पुढचा क्यू’ हे शब्द मी उच्चारत नाही. गोंधळात प्रत्येकाचा ‘पुढचा’ वेगळा असतो.

जिन्याचा मोह मोठा होता. तिसऱ्या कडव्यात तो घुसवता आला असता, पण तेव्हा नायिका गात गात मागे सरकते, नेमकी त्याच्या वाटेवर. हलत्या नेपथ्याचा क्यू मी सुरांवर कधीच देत नाही. माणूस कुठे उभा आहे ते डोळ्यांनी बघूनच देते. दिवा लाल ठेवला आणि कंडक्टरला कळवलं, ‘जिना आलेला नाही, शेवटची ओळ फिरवत ठेवा.’ वादक तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहिले, नायिका पुढे येऊन थांबली, जिना आत आला. चौघे बाहेर पडल्याची खूण मिळाल्यावरच ‘चला पुढे’ म्हटलं.

साथीला ध्वनिमुद्रित ट्रॅक असता तर हे जमलं नसतं, कारण ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. गाणारा परत जागेवर येतो का ते बघायचं, नाहीतर ट्रॅक हळूहळू उतरवायचा. हा निर्णय कुणी द्यायचा, ते रंगीत तालमीतच ठरलेलं हवं.

मध्यंतरात नायिका रडवेली झाली होती. गाण्याचा विषय मी काढलाच नाही. ‘पुढच्या प्रवेशाचं सगळं जागेवर आहे,’ एवढंच सांगितलं. उरलेला अंक तिला गायचा होता आणि त्या क्षणी तिला तेवढंच कळणं गरजेचं होतं.

प्रयोगाच्या अहवालात कुठलं कडवं गळालं, कुठले क्यू सोडले आणि जिना कधी आला एवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी नायिका, कंडक्टर आणि मी अशा तिघांनी बसून ती जागा पुन्हा ऐकली. दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्याआधीची सुरावट एकसारखीच होती. चुकायला तेवढं पुरे. कंडक्टरने तिसऱ्याच्या आधी बासरीची एक छोटी जागा घातली. मी प्रत्येक गाण्यात कुठला तुकडा फिरवता येतो ते त्याला विचारून संहितेत पेन्सिलीने खुणा केल्या.