तुम्ही विचारलंत म्हणून : व्हेपने सिगरेट सुटते का?

हा प्रश्न गेल्या दोन-अडीच वर्षांत मला इतक्या जणांनी विचारलाय की आता मोजणं सोडून दिलं. ऑफिसमधल्या पोरापोरींनी कॅन्टीनमध्ये विचारलाय, मावसभावाने लग्नाच्या हॉलबाहेर उभं राहून विचारलाय आणि परवा आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी लिफ्टमध्ये, आवाज एकदम खाली आणून, मुलासाठी विचारला. "तुझी सुटली ना गं, मग ती बॅटरीवाली सिगरेट असते त्याने सुटते म्हणतात, खरंय का?" तेवढ्यात त्यांचा मजला आला आणि माझं उत्तर अर्धंच राहिलं. म्हणून आज नीट बसून लिहितेय.

माझी सिगरेट व्हेपने सुटली. हे खरंय आणि ते मी नाकारणार नाही. पण मग तो व्हेप सोडायला मला सिगरेटपेक्षा जास्त त्रास झाला, आणि हा दुसरा भाग कुणी ऐकून घेत नाही, पहिलं वाक्य ऐकलं की लोक निघून जातात.

२००८ ला मी ऐरोलीला नाइट शिफ्टला लागले, रात्री दोनच्या ब्रेकला सगळे खाली जायचे, टपरीवर कटिंग आणि एक सुट्टी सिगरेट, तिथनं सुरू झालं. दहा वर्षांनी दिवसाला दहा-बारा. घर पाचपाखाडीत, सासू-सासरे, मुलगी, सगळे एकत्र. नवऱ्याला माहीत होतं, बाकी कुणाला नाही. मग माझं रोजचं ठरलेलं, ठाण्याला ट्रान्स हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर उतरलं की हात धुवायचे, बडीशेप खायची, ओढणी बदलायची, बॅगेत दुसरी ठेवलेलीच असायची. एवढं करूनही केसांचा वास जात नाही. ज्या बायका सिगरेट ओढतात त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. तब्येतीची काळजी होती, नाही असं नाही, पण मी व्हेपकडे वळले ती वासामुळे, हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

२०१८ मध्ये आतेबहीण लंडनहून आली तेव्हा तिने एक आणून दिला. जाडजूड पेनासारखा, आत बॅटरी, एक कॉइल म्हणजे तारेची गुंडाळी, कॉइलभोवती कापूस आणि वर लिक्विड भरायची टाकी. बटण दाबलं की कॉइल तापते, कापसात शोषलेलं लिक्विड तापून त्याची वाफ होते. लिक्विड म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि निकोटिन. त्यात काही जळत नाही, आणि सगळा मुद्दा तिथेच आहे. सिगरेटमध्ये तंबाखू जळतो म्हणून टार तयार होतं, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, धुरात सात हजारांवर रसायनं असतात आणि त्यातली ७० च्या आसपास कॅन्सर करणारी. व्हेपमध्ये जळणंच नाही त्यामुळे यातलं बरंचसं नसतं किंवा खूप कमी असतं. "ती फक्त पाण्याची वाफ असते हो" असं जे सांगतात ते मात्र साफ खोटं आहे, पाणी नाहीये ते.

पहिले पाच-सहा महिने मी दोन्ही करत होते. घरी व्हेप, टपरीवर सिगरेट. मला वाटायचं दहाच्या तीन झाल्या म्हणजे धोका पण तेवढाच खाली आला. तसं नसतं. हृदयाच्या बाबतीत तर दिवसाला एकच सिगरेट ओढणाऱ्याचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो, विसावा भाग नाही, निम्मा. हे वाचलं त्या दिवशी मी त्या तीन पण बंद केल्या. २०१९ च्या फेब्रुवारीपासून आजपर्यंत मी एकही सिगरेट ओढलेली नाही. सकाळचा खोकला महिन्याभरात गेला, ऐरोली स्टेशनचा जिना चढताना धाप लागायची ती कमी झाली, आमटीची चव लागायला लागली. खूप आनंदात होते मी. मीच मग दहा जणांना सांगितलं की घ्या व्हेप, सुटते. त्याचं मला आज वाईट वाटतं.

मग १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. ई-सिगरेट, म्हणजे हाच व्हेप, बनवणं, आयात करणं, विकणं, वाटणं, साठवून ठेवणं, जाहिरात करणं सगळं बंद. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, परत सापडला तर तीन वर्षं आणि पाच लाख. खूप जणांना अजूनही वाटतं की हे फक्त अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. नाही, सगळ्यांसाठी आहे.

बंदी आली तेव्हा मी चिडले होते, सिगरेट कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते आणि हे बंद, असं वाटायचं, आणि तो प्रश्न अजूनही चुकीचा वाटत नाही मला. पण माझ्या बाबतीत झालं काय ते ऐका. कॉइल मिळेनात, लिक्विड मिळेना. लॉकडाऊनमध्ये बहिणीने आणलेला साठा संपला. तेव्हाच सोडायला हवं होतं. त्याऐवजी मी एका दुकानातून, तो ड्रॉवरमधून काढून कागदात गुंडाळून द्यायचा, डिस्पोजेबल, म्हणजे संपला की फेकून द्यायचा व्हेप, घ्यायला लागले. छोटासा, रंगीत, गोडसर, खोक्यावर लिहिलेलं ५००० पफ आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ५ टक्के. हे पाच टक्के वाचायला किती कमी वाटतं! पण पाच टक्के म्हणजे एका मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम निकोटिन. लंडनहून आलेल्या बाटलीवर १२ मिलिग्रॅम लिहिलेलं होतं आणि तिकडे कायद्याने २० च्या वर विकताच येत नाही. म्हणजे सोडायला म्हणून जे घेतलं होतं त्याच्या चौपट तीव्रतेचं मी आता ओढत होते, आणि घशाला काही लागत पण नव्हतं कारण यात निकोटिनचं सॉल्ट वापरतात, ते मऊ जातं. शिवाय खोक्यावर लिहिलंय तेच आत आहे हे कोण सांगणार? चोरीछुपे आलेला माल, ना तपासणी ना बिल.

आता जे मला खरं सांगायचंय ते. सिगरेट संपते. पाच-सात मिनिटं, दहा-बारा झुरके, थोटुक खाली, पायाने विझवलं, वर गेलो. ती ओढायला उठावं लागतं, खाली जावं लागतं, लायटर लागतो, पाऊस असेल तर आडोसा लागतो. या सगळ्या अडचणी होत्या म्हणून माझ्या दिवसाला दहाच व्हायच्या, हे मला तेव्हा कळलंच नव्हतं. व्हेपला शेवट नाही. एक पफ घेऊन खिशात ठेवला, दोन मिनिटांनी परत. बाथरूममध्ये, बाल्कनीत कपडे वाळत घालताना, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून, आणि शेवटी शेवटी तर रात्री तीनला जाग आली की उशीखालून काढून, पांघरुणातच, त्याचा तो बारीक निळा दिवा लागायचा तो तळहाताने झाकून. सिगरेटच्या दहा वर्षांत मी रात्री उठून कधी सिगरेट ओढली नव्हती. वास येत नाही म्हणून घेतला होता ना, वास नाही म्हणूनच त्याला कुठेच थांबा राहिला नाही.

२०२२ च्या मार्गशीर्षातला गुरुवार. घट मांडलेला, पूजा झालेली, उदबत्ती विझत आलेली, मी आतल्या खोलीतून बाहेर आले आणि सासूबाई म्हणाल्या, "आंबा कुणी आणला गं आत्ता?" माझ्या व्हेपचा मँगो आइस फ्लेवर होता तो. मी म्हटलं रूम फ्रेशनर आहे. त्या काही बोलल्या नाहीत, पण मुलगी माझ्याकडे बघत होती, नऊ वर्षांची, तिला माहीत होतं घरात रूम फ्रेशनर नाहीये.

त्याच महिन्यात आम्ही गडकरीला नाटकाला गेलो. सिगरेट ओढायचे तेव्हा पण नाटकं बघायचे मी, मध्यंतरापर्यंत आरामात बसायचे, तलफ यायची पण कळायचं की आता पंधरा मिनिटांत बाहेर. त्या दिवशी पहिल्या अंकात दोनदा उठले. दुसऱ्यांदा रांगेतल्या लोकांचे गुडघे ओलांडून जाताना नवऱ्याने नुसतं वर बघितलं. बाहेर येऊन तलावपाळीकडे तोंड करून उभी राहिले आणि तेव्हा माझं मलाच लख्ख कळलं की मी काही सोडलेलं नाहीये, नुसतं एका हातातनं दुसऱ्या हातात घेतलंय.

नंतर मी वाचायला लागले तर हे माझ्या एकटीचं नव्हतं. इंग्लंडमध्ये एक मोठा अभ्यास झालाय, २०१९ ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला, ८८६ लोक, अर्ध्यांना ई-सिगरेट, अर्ध्यांना निकोटिनचे गम, त्वचेवर चिकटवायचे पॅच असे पर्याय, आणि सगळ्यांना किमान चार आठवडे समोर बसून सल्ला. वर्षाने ई-सिगरेटवाल्यांतले १८ टक्के सिगरेटमुक्त होते आणि गम-पॅचवाल्यांतले ९.९ टक्के. हा आकडा सगळे सांगतात, ऑफिसमधल्या पोरांना तो पाठ आहे. पण त्याच अभ्यासातला पुढचा आकडा बघा. ज्यांची सिगरेट सुटली त्यांच्यापैकी व्हेपवाल्या गटातले ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते, दुसऱ्या गटात गम-पॅच अजून चालू असलेले फक्त ९ टक्के. म्हणजे एकातून बाहेर पडायला दार आहे आणि दुसऱ्यात माणूस आतच राहतो. निदान मी राहिले.

"पण तिकडे सरकारच देतं ना?" हो, इंग्लंडने २०२३ मध्ये दहा लाख स्मोकर्सना व्हेपचे किट द्यायची योजना जाहीर केली. पण तिथे सल्ला देणारं माणूस सोबत असतं, लिक्विडला मर्यादा असते, किती निकोटिन आहे ते नक्की माहीत असतं आणि ते फक्त आधीपासून ओढणाऱ्यांसाठी आहे. आणि त्याच देशाने १ जून २०२५ पासून डिस्पोजेबलच्या विक्रीवर बंदी घातली, जे आपल्याकडे ड्रॉवरमधून मिळतं तेच. तिकडची गोष्ट सांगून इकडचा ड्रॉवर उघडायला लावू नका.

माझं कसं सुटलं ते आता. जानेवारी २०२३. नॅशनल टोबॅको क्विटलाइन आहे, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा, १८००-११-२३५६, फुकट आहे, सप्टेंबर २०१८ पासून सिगरेटच्या पाकिटावरच छापलेला असतो हा नंबर, माझ्या शेवटच्या काही महिन्यांत ती पाकिटं हातात आली असतील पण फोन केला तो सिगरेट सुटल्यावर चार वर्षांनी. त्यांनी तारीख ठरवायला लावली आणि त्यानंतर त्यांचेच फोन यायचे, कसं चाललंय विचारायला. नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरांनी पॅच दिला आणि मधल्या तलफेसाठी दोन मिलिग्रॅमचे गम.

गमबद्दल जरा सविस्तर सांगते कारण "गमने काही होत नाही" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांनी तो चुकीचा खाल्लेला असतो, मी पण आधी खाल्ला होता, सेंटर फ्रेशसारखा चावत बसले, उचक्या लागल्या, मळमळलं आणि फेकून दिला. तो चघळायचा नसतो. हळूहळू चार-सहा वेळा चावायचा, तोंडात मिरीसारखं झिणझिणायला लागलं की थांबायचं आणि गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून जातं, गिळलं तर पोटात जाऊन नुसती जळजळ. झिणझिण कमी झाली की परत दोन-तीनदा चावायचा, मग जागा बदलून ठेवायचा, अर्धा तास चालतो. आणि गम घेण्याआधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी अजिबात नाही, त्याने तोंडात आंबटपणा येतो आणि निकोटिन नीट शोषलं जात नाही. आम्ही काय करतो, चहा पिता पिता तलफ येते म्हणून चहासोबतच गम तोंडात टाकतो!

पहिले तीन दिवस वाईट गेले. डोकं धरलं होतं, मुलीवर विनाकारण ओरडले, झोप नाही. रात्री पॅच लावून झोपलं की विचित्र स्वप्नं पडायची, डॉक्टर म्हणाले झोपताना काढून ठेवत जा, मग बरं झालं. तलफ आली की पाच-दहा मिनिटं काढायची असतात, ती ओसरते, खरंच ओसरते, तेवढ्या वेळात मी तलावपाळीला एक चक्कर मारायचे. पॅच डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने कमी करत आणला आणि तीन महिन्यांनी गम पण बंद झाला. सासूबाईंना मी सगळं सांगितलं, दुसऱ्याच आठवड्यात, स्वयंपाकघरात. त्या म्हणाल्या, "मला वास कळतो गं," आणि पोळ्या लाटत राहिल्या.

ज्यांनी कधी सिगरेट ओढलीच नाही आणि व्हेपपासून सुरुवात केलीय, अशी विशीतली मुलं मला घोडबंदरच्या कॅफेंबाहेर दिसतात, त्यांच्यासाठी तर हा प्रश्नच नाही, त्यांनी काही सोडायला घेतलेलं नाहीये, त्यांना नवीन लागलंय.

आणि काकू, लिफ्टमध्ये राहिलेलं उत्तर हे. त्याला व्हेप घेऊ देऊ नका, घेतला असेल तर ओरडू पण नका. त्याने आधी डॉक्टरांना दाखवू दे, आणि मग रविवारी सकाळी माझ्याकडे पाठवा, चहा प्यायच्या आधी. गम कसा ठेवायचा ते मी समोर बसून दाखवते.